मालक बदलला, भाडेकरू तेच

मुंबईतली जुनी चाळ विकली जाते तेव्हा काय होतं, हे गिरगावातल्या कुणालाही विचारा. काहीही होत नाही. शेठ बदलतो, दाराशी नवी पाटी लागते, जिन्याच्या कठड्याला रंगाचा एक हात मिळतो. नवा शेठ मोठ्या आशेनं दुसऱ्या मजल्यावर जाऊन बघतो, तर खोली नंबर चौदामध्ये तेच बिऱ्हाड, गॅलरीत तीच तुळस आणि भाडं रुपये सव्वासात. १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडेकरूला असं काही संरक्षण दिलं, की मालकी म्हणजे केवळ गच्ची गळल्यावर बोलणी खाण्याचा मान, एवढाच अर्थ उरला.

संगणकाचा इतिहास वाचताना मला ही चाळ सारखी आठवते. तो इतिहास नेहमी मालकांचा असतो. कुणी कुणाला विकलं, कोण अब्जाधीश झाला, कुणी कुणाला कोर्टात खेचलं. वाचायला बरा असतो. पण चाळीचा खरा इतिहास जसा भाडेकरूंचा, तसाच संगणकाचाही. फक्त तो कुणी लिहीत नाही.

आता इथे मालक कोण आणि भाडेकरू कोण, ते आधी सांगून टाकतो. कुठल्याही संगणकात एक मुख्य कारभारी असतो. कुणाला किती जागा द्यायची, छपाईला आधी कुणाचा नंबर, एकाच वेळी दोघांनी नळ मागितला तर काय करायचं, हे सगळं तो बघतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. डॉस, विंडोज, मॅक, युनिक्स, लिनक्स ही सगळी याच जातीची मंडळी. हे झाले मालक. आणि आपल्या बोटांना पाठ असलेल्या ज्या बारीकसारीक युक्त्या असतात, म्हणजे कंट्रोल आणि सी दाबलं की नक्कल, व्ही दाबलं की चिकटपट्टी, एफ-वन दाबलं की मदत (मदत म्हणजे, आपण विचारलेलं सोडून बाकी सर्व माहिती), ते झाले भाडेकरू. गेल्या ५० वर्षांत मालक डझनभर झाले असतील. भाडेकरू मात्र खाट टाकून बसले आहेत ते बसलेच आहेत.

आता हेच बघा ना. आपल्या संगणकातली सगळी चीजवस्तू 'सी' नावाच्या कप्प्यात असते. सी का? ए आणि बी कुठे गेले? हा प्रश्न माझ्या ओळखीत आजवर फक्त एका चौथीतल्या मुलानं विचारला, आणि त्याच्या वडिलांनी त्याला "अभ्यास कर" म्हणून सांगितलं. उत्तर असं, की १९७४ साली गॅरी किल्डॉल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 'सीपी/एम' नावाची सिस्टिम लिहिली, तीत फ्लॉपीच्या खाचांना ए, बी अशी नावं होती. पुढे १९८०मध्ये सिएटलमधल्या एका लहानशा कंपनीतल्या टिम पॅटरसन यांनी आपली एक सिस्टिम लिहिली. तिचं पहिलं नाव 'क्यूडॉस', म्हणजे मराठीत सांगायचं तर 'झटपट आणि गचाळ कारभारी'. नावात इतका प्रामाणिकपणा या धंद्यात पुन्हा दिसला नाही. सीपी/एमवरचे प्रोग्राम सहज इकडे आणता यावेत म्हणून पॅटरसननी कारभाराची रीत बरीचशी तिच्यासारखीच ठेवली. मायक्रोसॉफ्टनं ती सगळे मिळून ७५ हजार डॉलरना विकत घेतली, डॉस म्हणून आयबीएमला पुरवली, आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला. मालक तीन झाले. ए आणि बी जागेवरच.

१९८३ साली आयबीएमच्या नव्या यंत्रात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. मोबाइलवर काढलेले आजचे तीन-चार फोटो तीत मावले असते. पहिले दोन पाट आधीच मांडलेले, म्हणून ही सून तिसऱ्या पाटावर बसली. पुढे फ्लॉपी गेली. आज दुकानात मिळणाऱ्या संगणकात ए नाही, बी नाही. पण सी आपला तिसऱ्याच पाटावर. मोठ्या घरात आजोबा गेल्यावरही त्यांच्या आरामखुर्चीत कुणी बसत नाही, तशातला प्रकार.

दुसरा भाडेकरू याहून चमत्कारिक. मध्यंतरी एक निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. एका भारतीय मुलानं शोध लावला की विंडोजमध्ये 'कॉन' नावाचा फोल्डर बनत नाही आणि याचं कारण खुद्द बिल गेट्सनाही सांगता आलं नाही! फोल्डर बनत नाही हे खरं. बाकी आपल्या निरोपांप्रमाणे. पहिल्या डॉसमध्ये फोल्डर ही भानगडच नव्हती. सगळा संसार एकाच खोलीत. तिथं कळफलक आणि पडदा मिळून 'कॉन', छपाईयंत्राला 'पीआरएन', आणि कचऱ्यात टाकायचं असेल तर 'एनयूएल' अशी नावं राखून ठेवली होती. १९८३मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, म्हणजे एका खोलीच्या पन्नास खोल्या झाल्या. पण जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक खोलीत राखीव राहिली. त्यात गूढ काही नाही. बँकेत नाही का, 'साहेबांचा कप' म्हणून एक कप असतो; ते साहेब निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्यातून चहा प्यायची कुणाची टाप नसते.

तिसरा भाडेकरू म्हणजे तिरकी रेघ. फोनवर कुणालातरी कॉम्प्युटरचा पत्ता सांगताना पुढील संवाद आपण प्रत्येकानं केला आहे.

"आता तिरकी रेघ मारा."

"कुठली? पुढे झुकलेली की मागे?"

"उजवीकडे झुकलेली."

"माझ्या उजवीकडे की तुमच्या?"

या संवादानं किती लोकांची रक्तदाबाची गोळी वाढली, याचा हिशेब मांडायला हवा. झालं असं, की १९६९मध्ये बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली, तीत फोल्डरमागून फोल्डर लिहिताना मध्ये पुढे झुकलेली रेघ आली. डॉसनं पहिल्या आवृत्तीत हीच रेघ दुसऱ्या कामाला, म्हणजे आज्ञेमागे बारीक सूचना जोडायला वापरली. मग डॉसमध्येही फोल्डर आले तेव्हा रेघ आधीच नोकरीला लागलेली! म्हणून मागे झुकलेली घेतली. तेव्हापासून विंडोज मागे झुकतं, युनिक्स आणि त्याच्या घराण्यातले पुढे झुकतात. आणि इंटरनेटच्या पत्त्यांनी युनिक्सची चाल उचलल्यामुळे एकाच टेबलावर बसलेल्या माणसाला दिवसभर दोन्हीकडे झुकावं लागतं. पत्त्याच्या सुरुवातीच्या त्या दोन रेघा नसत्या तरी चाललं असतं, असं वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००९ साली सांगितलं. सांगितलं खरं, पण तोवर भाडेकरूंनी पोटमाळा बांधला होता.

युनिक्सचं घराणंच मुळी काटकसरीचं. यादी दाखव म्हणायला 'एलएस', नक्कल कर म्हणायला 'सीपी', हलव म्हणायला 'एमव्ही'. त्या काळी टेलिटाइपवर एकेक अक्षर जोर लावून बडवावं लागे आणि कागदावर ते सावकाश खडखडत उमटे. मग कोण लांबलचक लिहितो? आपल्याकडे तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे "आई सीरियस स्टार्ट इमिजिएटली" एवढ्यात सगळं घराणं गोळा होत असे. तीच ही कला. सृजनासाठी जो इंग्रजी शब्द आहे त्याच्या शेवटचा 'ई' युनिक्सच्या एका आज्ञेत गाळलेला आहे. पुन्हा युनिक्स लिहायचं झालं तर काय बदलाल, असं विचारल्यावर थॉम्पसन म्हणाले, तो 'ई' परत लावीन. आपल्याकडची तार २०१३ साली बंद झाली. 'एलएस' चालू आहे. तो 'ई'सुद्धा अजून गाळलेलाच आहे.

या घराण्यातली 'व्हीआय' नावाची लिहिण्याची पाटी तर विचारूच नका. १९७६मध्ये बिल जॉय यांनी ती ज्या टर्मिनलवर बसून लिहिली, त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये वरखाली करायला तीच अक्षरं. त्याच टर्मिनलवर 'घरी' म्हणजे 'होम' जाण्याची खूण आणि ती नागमोडी रेघ एकाच कळीवर होती. म्हणून आजतागायत युनिक्समध्ये आपल्या घराचा पत्ता म्हणजे एक नागमोडी रेघ. ते टर्मिनल भंगारात गेलं त्याला कित्येक वर्षं झाली. पण पुण्या-बंगळुरूच्या काचेच्या इमारतींमधली पंचविशीतली मुलं आजही त्या भंगारातल्या बाणांवर बोटं ठेवून पोट भरतात. आपण न पाहिलेल्या पणजोबांच्या नावानं पान वाढतो, त्यातलंच हे.

आता ज्या भाडेकरूशी सगळ्यांची ओळख आहे, त्याच्याकडे वळू. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट. ही तीन कळांची युक्ती आयबीएमचे इंजिनिअर डेव्हिड ब्रॅडली यांची. यंत्र अडलं की वीज बंद न करता पुन्हा सुरू करता यावं, म्हणून त्यांनी ही सोय केली, तीही फक्त यंत्र बनवणाऱ्यांसाठी. आधी डिलीटच्या जागी एस्केपची कळ होती. पण ती डाव्या हाताशीच असल्यामुळे एका हातानं, चुकून, तिन्ही दाबल्या जाण्याची भीती. म्हणून तिसरी कळ लांबची घेतली, म्हणजे दोन्ही हात लागले पाहिजेत. बँकवाल्याला हे लगेच समजतं. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. एकट्याला उघडताच येऊ नये, हीच त्यातली अक्कल. पुढे हा भाडेकरू कारखान्यातून निघाला आणि साऱ्या जगाचा झाला. २००१ साली पीसीच्या विसाव्या वाढदिवसाला ब्रॅडली बिल गेट्सच्या समक्ष म्हणाले, की युक्ती मी काढली असेन, पण प्रसिद्ध केली ती बिलनं. सभेत हशा झाला. १९९३च्या विंडोज एनटीनं तर हीच तिकडी चक्क दाराची घंटा केली: आत यायचं असेल तर आधी ही दाबा. म्हणजे जी कळ यंत्र अडल्यावर दाबायची, तीच काम सुरू करायला. एकच कळ ठेवायला हवी होती, असं गेट्स २०१३मध्ये बोलून गेले. पण एव्हाना काढणार कोण आणि कुणाला?

आणि कापा-चिकटवा? त्याचे कर्ते लॅरी टेस्लर. १९७०च्या दशकाच्या मध्यावर झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी आणि टिम मॉट यांनी मजकूर कापून दुसरीकडे चिकटवायची ही रीत बसवली. पुढे ॲपलच्या १९८३च्या 'लिसा' यंत्रात तिला झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची चार अक्षरं मिळाली. एका बोटाच्या अंतरावर चार बिऱ्हाडं: चूक पुसा, कापा, नक्कल करा, चिकटवा. साऱ्या कारकुनी जगाचा संसार या चौघांवर चालला आहे. टेस्लर २०२०च्या फेब्रुवारीत गेले. त्या दिवशी त्यांना श्रद्धांजली वाहणारे बहुतेक संदेश त्यांच्याच युक्तीनं इकडून तिकडे चिकटवले गेले असणार.

पण गंमत अशी, की ही चार बिऱ्हाडं सगळ्या चाळींत असली तरी जिने वेगळे. मॅकवर त्यांच्याबरोबर दाबायची कळ कंट्रोल नव्हे, कमांड. त्या कळीवरचं चार कोपऱ्यांना फुगे असलेलं चिन्ह सुझन केअर यांनी चिन्हांच्या कोशातून शोधलं. स्वीडनमध्ये ते प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर असतं. विंडोजनं सुरुवातीची काही वर्षं वेगळाच संसार मांडला होता: नक्कल करायला कंट्रोल-इन्सर्ट, चिकटवायला शिफ्ट-इन्सर्ट. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये ॲपलवाली चार अक्षरं आली, पण जुन्यांनाही कुणी घराबाहेर काढलं नाही. शिफ्ट-इन्सर्ट दाबून बघा, म्हातारा अजून ओ देतो. आणि लिनक्सच्या काळ्या पडद्यावर कंट्रोल-सी दाबाल तर नक्कल होत नाही, चालू काम जागच्या जागी ठार होतं. कारण त्या मुलखात हा अर्थ आधीपासूनचा. एकच शब्द, पण कोल्हापुरात कौतुक आणि नागपुरात शिवी!

म्हणून सिस्टिम बदलणं म्हणजे बदली होणं आहे. बदली झालेल्या क्लार्कला नव्या शाखेत बँकिंग नव्यानं शिकावं लागत नाही. डेबिट तेच, क्रेडिट तेच. पण शाईपॅड कुठल्या खणात, टाचण्या कुठे, पंख्याचं बटण सात बटणांतलं कितवं, हे कळेपर्यंत तो बिचारा मठ्ठ दिसतो. हात जुन्या शाखेच्या खणाकडे जातो आणि बोटाला भिंत लागते. माझी भाची पुण्यात चित्रकलेचं काम करते. तिनं विंडोज सोडून मॅक घेतला तेव्हा पहिले पंधरा दिवस म्हणायची, "मामा, मला सगळं येतंय, पण माझ्या अंगठ्याला काहीच येत नाहीये." इतकं नेमकं निदान मी डॉक्टरांकडूनही ऐकलेलं नाही.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती थट्टेची नाही. आपल्याकडे बँकांत यंत्रं आली ती भांडणातून. १९८३मध्ये संघटना आणि बँका यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४मध्ये रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल आला, मग लेजर पोस्टिंगची यंत्रं, मग शाखेपुरता संगणक, मग कोअर बँकिंग. लोकांना भीती होती नोकरी जाण्याची. नोकऱ्या त्या वेळी बहुतेकांच्या टिकल्या. गेलं ते दुसरंच, आणि ते कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत एक ज्येष्ठ सहकारी होते. सगळे त्यांना नाना म्हणत. हिरव्या अक्षरांचा जुना पडदा, माऊस नाही. नाना पडद्याकडे बघतच नसत. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता डाव्या हातानं पासबुक उलटत, उजव्या हाताची बोटं एफ-फोर, एन्टर, एन्टर, एफ-टेन अशी पेटीच्या पट्ट्यांवर फिरावीत तशी फिरत. "काय काकू, गुडघा काय म्हणतो?" एवढं विचारून होईपर्यंत काकूंची नोंद झालेली असे. त्यांची रांग सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत वेगानं सरकणारी. मग नवी सिस्टिम आली. तारीख निवडायला माऊस, खातं निवडायला माऊस, 'होय' म्हणायला माऊस. एका रात्रीत नानांची वीस-बावीस वर्षांची बोटं शिकाऊ झाली. रांग तुंबली. ज्या काकूंच्या गुडघ्याची चौकशी इतकी वर्षं चालली होती, त्याच काकू मागच्या बाईला म्हणाल्या, "आता वय झालं हो त्यांचं." नानांनी ऐकलं. नाना तेव्हा ५२ वर्षांचे होते, आणि त्यांचं वय झालं नव्हतं. त्यांचे खण कुणीतरी रात्रीतून हलवले होते.

मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला असं वाटतं, की ही गोष्ट ताळेबंदात यायला हवी. यंत्र येतं, त्याची किंमत लिहितात. सिस्टिमच्या परवान्याचे पैसे लिहितात. दुकानाचा नावलौकिकसुद्धा विकत घेतला तर मालमत्तेत धरतात. पण माणसांच्या बोटांत वीस वर्षं साठलेली मालमत्ता एका परिपत्रकानं बुडीत काढतात, आणि तिची एक ओळ कुठल्या खात्यात पडत नाही. उलट "कर्मचाऱ्यांनी बदलास सामोरे जावे" म्हणून दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि बटाटेवडा.

मालकांना हे कळत नाही असं नाही. अंगाशी आलं की कळतं. ॲपलनं १९८४च्या पहिल्या मॅकच्या कळफलकावर बाणाच्या कळाच ठेवल्या नाहीत, का, तर लोकांनी माऊसच वापरावा. दोन वर्षांत, १९८६च्या मॅक प्लसबरोबर, बाण परत आले. मायक्रोसॉफ्टनं गोडीनं काम घेतलं तेव्हा जमलं: १९९०च्या विंडोज ३.०मध्ये पत्त्यांचा डाव दिला, आणि पत्ता उचलून दुसऱ्या पत्त्यावर ठेवता ठेवता माऊसनं वस्तू ओढायला सारं जग शिकलं. कित्येक कचेऱ्यांत हे प्रशिक्षण निवृत्तीपर्यंत चालू होतं. २४ ऑगस्ट १९९५ला आलेल्या विंडोज ९५नं कोपऱ्यात 'स्टार्ट' बटण दिलं. यंत्र बंद करायचं तरी 'स्टार्ट'च दाबायचं. पहिले चार दिवस लोक हसले, मग ते बटण देव्हाऱ्यासारखं झालं. घरात शिरलं की नजर आधी तिकडे. २०१२च्या विंडोज ८नं तो देव्हारा हलवला, आणि असा गलका झाला की २०१३मध्ये बटण आणि २०१५च्या विंडोज १०मध्ये त्यामागची सगळी यादी परत आणून बसवावी लागली. भाडेकरू संघटित असले की असं होतं.

कुणी म्हणेल, मग बदलायचंच नाही का? बदलावं लागतं. विंडोज एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४मध्ये थांबली, तरी आपली कितीतरी एटीएम तिच्यावर चालू होती. दाराला कुलूप आहे, पण कुलूपवाल्यानं दुकान बंद केलंय, अशी ती अवस्था. शेवटी जून २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेनं एका वर्षात टप्प्याटप्प्यानं बदला म्हणून तारखा घालून दिल्या, ते योग्यच झालं. बदल कसा होतो यावर सगळं आहे. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या नगरपालिकेनं २००३मध्ये विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं. सुमारे १५ हजार संगणक, दहा वर्षं खपून २०१३मध्ये काम पुरं केलं आणि २०१७मध्ये परत विंडोजवर जायचा ठराव केला. दोष लिनक्सचा की कारभाराचा, यावर तिथं अजून दोन तट आहेत. इकडे आपल्या केरळातल्या सरकारी शाळांनी तेच लिनक्स घेतलं आणि लाखो मुलं त्यावर विनातक्रार शिकली. फरक कुठे पडला? केरळातल्या पोरांच्या बोटांत आधीचं बिऱ्हाडच नव्हतं. रिकामी खोली कुणालाही आवडते. पहिली सिस्टिम कधीच अवघड नसते. अवघड असते ती दुसरी.

आपल्या मराठीला तर याचा चांगलाच फटका बसला. टाइपरायटरवर शिकलेल्यांची बोटं एका पट्टीची, १९८६मध्ये सरकारी इनस्क्रिप्टची पट्टी आली ती निराळी. त्यात युनिकोडच्या आधी प्रत्येक फॉन्टची आपापली सांकेतिक भाषा. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेली सोसायटीची इतिवृत्तं, हौशी लेखकांच्या कादंबऱ्या, कुणाच्या आजीनं सांगितलेल्या पाककृती नव्या संगणकावर उघडल्या, की पडद्यावर रोमन लिपीतला किडामुंगीचा बाजार. मजकूर हरवला नव्हता. तो वाचणारा भाडेकरू तेवढा बेघर झाला होता.

नानांचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. दीड-दोन महिने ते गप्प होते. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की पडद्यावरच्या काही शब्दांत एका अक्षराखाली बारीक रेघ आहे. ऑल्ट आणि ते अक्षर दाबलं की माऊस न हलवता काम होतं. टॅब दाबला की पुढचा रकाना, शिफ्ट-टॅब दाबला की मागचा. तारखेच्या चौकटीत माऊस कशाला, सरळ आकडे टाइप होतात. नाना रोज एक-दोन सापडवू लागले. प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. वर्ष सरायच्या आत त्यांची रांग पुन्हा सरकू लागली, आणि काकूंच्या गुडघ्याचा विषयही पुन्हा निघाला. नाना त्यांच्यावर रागावलेले नव्हते. म्हणाले, "त्यांनी रांगेत उभं राहून जे दिसलं ते सांगितलं."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला चार्ज दिला. छापील नमुना असतो: किल्ल्या दोन, शिक्के पाच, रजिस्टरं नऊ, पंचिंग मशीन एक. सगळं मोजून सही केली, तेव्हा त्यांनी कागद उलटा केला. मागे पेन्सिलीनं, अकाउंटंटच्या सुबक अक्षरात, ११ युक्त्या लिहिल्या होत्या. कुठली कळ, कशासाठी, आणि एकीपुढे कंसात 'सोमवारी गर्दीत फार उपयोगी'.

त्याला सहा वर्षं झाली. आयकराच्या नियमात २०१७-१८पासून संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरता येऊ लागला. त्या दरानं नानांच्या टेबलावरच्या १०० रुपये किमतीच्या संगणकाचे सहा वर्षांनी पुस्तकात ४ रुपये ६७ पैसे उरतात. मधल्या काळात सिस्टिमची नवी आवृत्ती आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नियमित देखभालही थांबली. नव्या यंत्रावर बसल्यावर पहिल्याच दिवशी मी तो कागद काढून एकेक युक्ती ओळीनं दाबून पाहिली.

अकरापैकी सात अजून राहतात.